वसंतातला चंचल आठवडा: तीन दिवसांचा राष्ट्रीय हवामान अंदाज पायरीपायरीने कसा वाचावा

फाल्गुन सरताना आणि चैत्र लागताना भारतातली हवा एकाच आठवड्यात चार तऱ्हांनी वागते. काश्मीर आणि हिमाचल प्रदेशात बर्फ पडत असतो, पंजाब-हरियाणात काढणीला आलेल्या गव्हावर वादळी पाऊस येतो, आसाम-मेघालयात जोरदार सरी सुरू होतात, कोकणात दुपारचा पारा एकाएकी चढतो आणि त्याच सुमारास मराठवाड्यातल्या एखाद्या मंडळात गारांचा खच पडतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे राष्ट्रीय पत्रक हे सगळे काही पानांत एकत्र मांडते. वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले ‘राज्यावर अवकाळीचे सावट’ एवढेच उरते, आणि मग ज्याच्या गावात थेंबही पडला नाही तो ‘अंदाज चुकला’ म्हणतो, तर ज्याचा बाग झोपला तो ‘एवढे होईल असे कोणी सांगितलेच नाही’ म्हणतो. बहुतेक वेळा दोघांनीही मूळ पत्रक वाचलेले नसते.

या पत्रकातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे ठरलेली मोजपट्टी आहे. ती ठाऊक असली, तर देशभरासाठी लिहिलेल्या अंदाजातून आपल्या तालुक्यापुरता निर्णय काढता येतो. पुढे दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे, कारण इशाऱ्याच्या रंगापासून वाचायला सुरुवात केली की उरलेले पत्रक वाचण्याचा धीर सहसा राहत नाही.

पहिली पायरी: पत्रक केव्हाचे आहे आणि त्यातला ‘दिवस’ कोणता

दिल्लीतल्या राष्ट्रीय हवामान अंदाज केंद्राचे पत्रक दिवसातून चार वेळा निघते: सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री. त्यांपैकी दुपारचे पत्रक सर्वांत सविस्तर असते, कारण सकाळी साडेआठच्या देशभरातल्या नोंदी आणि पहाटे सोडलेल्या फुग्यांनी मोजलेले वरच्या हवेचे तापमान, ओलावा व वारे तोवर नकाशावर उतरलेले असतात. मोबाइलवर फिरणारे पत्रक कालचे आहे की आजचे, हे डोक्यावरच्या तारखेवरून आधी पाहावे. वसंतात चोवीस तासांचे शिळे पत्रक हाताशी धरून काम आखण्यापेक्षा पत्रक न वाचलेले बरे.

दुसरी गोष्ट अधिक गोंधळाची आहे. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेआठपर्यंत चालतो. ‘पहिला दिवस’ म्हणजे पत्रक निघाल्यापासून उद्या सकाळी साडेआठपर्यंत. त्यामुळे बुधवारच्या इशाऱ्यात गुरुवारची पहाट येते. पाऊस मोजण्याची रीतही तीच असल्याने बुधवारी संध्याकाळी पडलेला पाऊस गुरुवार सकाळच्या आकड्यात दिसतो. अंदाज बुधवारचा, आकडा गुरुवारचा आणि पाऊस एकच. हे लक्षात न घेता पडताळा पाहणारे पुष्कळ आहेत.

पल्ल्याचेही भान हवे. काही तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक इशारा, म्हणजे नाउकास्ट, निराळा. तीन दिवसांपर्यंतचा तो लघु पल्ल्याचा अंदाज, आणि त्यापुढे दहा दिवसांपर्यंतचा मध्यम पल्ल्याचा. राष्ट्रीय पत्रकात पाच ते सात दिवसांचे तक्ते शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून सातव्या दिवसालाही पहिल्या दिवसाइतकेच वजन देण्याचा मोह होतो. वसंतात तो टाळावा. सातव्या दिवसाचा रकाना ‘या बाजूला लक्ष असू द्या’ एवढेच सांगतो. मजूर सांगणे, गाडी ठरवणे, मंडप घालणे अशा गोष्टी पहिल्या तीन रकान्यांवरच बेताव्यात.

दुसरी पायरी: हवेत काय काय चालले आहे

पत्रकाच्या सुरुवातीला हवामान प्रणालींचा परिच्छेद असतो. तो रुक्ष वाटतो म्हणून लोक वगळतात, पण वसंतातल्या आठवड्याचा सगळा अर्थ तिथेच असतो. त्यात चार गोष्टी शोधाव्यात.

पहिली म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणाऱ्या या प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाच्या पश्चिम भागावर येतात. पत्रकात त्यांचे वर्णन साधारण असे असते: ‘समुद्रसपाटीपासून ५.८ किलोमीटर उंचीवर, ७० अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, ३० अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेस पश्चिमी वाऱ्यांतील द्रोणीच्या स्वरूपात.’ यातला अक्षांशाचा आकडा महाराष्ट्राच्या वाचकाने आवर्जून पाहावा. द्रोणी, म्हणजे हवेच्या कमी दाबाचा लांबट पट्टा, ३० अंशांच्या उत्तरेलाच राहिली, तर काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पंजाबात पाऊस एवढ्यावर बहुधा भागते. तीच २२-२५ अंशांपर्यंत खाली उतरल्याचे लिहिले असेल, तर थंड हवा मध्य भारतावर येणार आणि आपल्याकडच्या ढगांना बळ मिळणार हे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चक्राकार वाऱ्यांची स्थिती. झंझावाताच्या पोटात नैर्ऋत्य राजस्थानावर किंवा लगतच्या भागावर असे वारे अनेकदा तयार होतात. त्यांची उंची ०.९, १.५ किंवा ३.१ किलोमीटर अशी दिलेली असते. एकच स्थिती जमिनीलगतपासून बऱ्याच उंचीपर्यंत असल्याचे म्हटले असेल, तर ती उथळ स्थितीपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावी.

तिसरी गोष्ट महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाची. मार्च ते मे या काळात मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडपासून विदर्भ, मराठवाडा आणि अंतर्गत कर्नाटक ओलांडून केरळ-तमिळनाडूच्या बाजूला जाणारा, साधारण ०.९ किलोमीटर उंचीवरचा, हवेच्या कमी दाबाचा पट्टा किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ पत्रकात वारंवार येते. या रेषेच्या पश्चिमेला उत्तरेकडून व वायव्येकडून येणारे कोरडे वारे असतात आणि पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आलेले दमट वारे. दोन्ही जिथे भिडतात तिथे आणि त्याच्या पूर्वेला दुपारनंतर ढग उभे राहतात. त्यामुळे पत्रकात हा पट्टा ‘मराठवाड्यावरून’ आहे की ‘विदर्भावरून’, एवढा एक शब्द बदलला तरी लातूर, सोलापूरचा दिवस पालटतो. हा पट्टा खिळ्याने ठोकलेला नसतो. तो रोज थोडा पूर्व-पश्चिम सरकतो, आणि तीन दिवसांच्या अंदाजातली बरीचशी अनिश्चितता त्या सरकण्यातूनच येते.

चौथी म्हणजे अरबी समुद्रावर आणि बंगालच्या उपसागरावर असलेले प्रतिचक्राकार वारे, म्हणजे हवेच्या जास्त दाबाभोवती फिरणारे वारे. हे नाव ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण जमिनीकडे ओलावा ढकलण्याचे काम तेच करतात. झंझावात आणि ओलावा दोन्ही एकाच दिवशी मध्य भारतावर येत असल्याचे पत्रकातून दिसले, की त्या दिवसाभोवती दिनदर्शिकेवर खूण करावी.

गारपीट कशी होते, ते इथेच सांगणे योग्य. मार्चमध्ये जमिनीलगतची हवा ३६ ते ४० अंशांपर्यंत तापलेली असते, खालच्या थरात ओलावा असतो आणि झंझावातामुळे वर थंड हवा आलेली असते. पावसाळ्यात गोठणबिंदूची पातळी, म्हणजे जिच्या वर पाणी गोठते ती उंची, पाच किलोमीटरच्या वर असते. झंझावाताच्या दिवसांत ती खाली येते. गार जमिनीवर पडेपर्यंत विरघळायला तिला मिळणारे अंतर कमी होते, आणि जुलैत ज्या ढगातून मोठे थेंब पडले असते, त्याच तोडीच्या ढगातून मार्चमध्ये गारा पडतात. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली दीर्घ गारपीट आणि मार्च २०२३ मधला अवकाळी पाऊस, दोन्ही वेळा वरची थंड हवा आणि खालचा ओलावा हीच जोडी होती.

तिसरी पायरी: आपला उपविभाग

हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. महाराष्ट्राचे जिल्हेही ३६ आहेत, हा निव्वळ योगायोग. पण त्यामुळे गल्लत मात्र होते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून उपविभाग चारच आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे. सोलापूर त्यातच येतो आणि जळगावही. ‘मध्य महाराष्ट्रात गारपिटीची शक्यता’ या वाक्यातला भूभाग इतका लांबलचक आहे की त्याच्या एका टोकाला गारा पडताना दुसऱ्या टोकाला लख्ख ऊन असू शकते.

म्हणून राष्ट्रीय पत्रकातून फक्त उपविभागाची स्थिती घ्यावी आणि लगेच जिल्ह्याच्या तक्त्याकडे वळावे. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्याचा जिल्हावार अंदाज मुंबईचे प्रादेशिक केंद्र देते, विदर्भाचा नागपूरचे केंद्र. सीमेवरच्या वाचकांनी शेजारचा उपविभागही पाहावा. बार्शी, करमाळ्याच्या माणसाने मराठवाड्याचा अंदाज वाचला नाही, तर त्याने अर्धाच अंदाज वाचला.

चौथी पायरी: एक वाक्य सुटे करून

मार्चमधल्या पत्रकात हमखास येणारे एक वाक्य घेऊ: ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता आहे.’

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. हे शब्द पाऊस किती पसरलेला असेल ते सांगतात; तो किती जोराचा असेल ते सांगत नाहीत. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस त्या ठिकाणी अर्ध्या तासात ओढे वाहवू शकतो. वसंतातला वळीव बहुधा याच वर्गात मोडतो, म्हणून ‘तुरळक’ हा शब्द वाचून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. उलट, ‘तुरळक’ लिहिलेले असताना चारांपैकी तीन किंवा अधिक केंद्रे कोरडी राहणार, हे अंदाजातच सांगितलेले आहे. गावात पाऊस आला नाही म्हणून असा अंदाज खोटा ठरत नाही.

‘हलका’ म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, ‘मध्यम’ म्हणजे १५.६ ते ६४.४, ‘जोरदार’ ६४.५ ते ११५.५, ‘अति जोरदार’ ११५.६ ते २०४.४ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. मध्यम वर्गाची रुंदी पाहण्यासारखी आहे. १६ मिलिमीटरही मध्यम आणि ६० मिलिमीटरही मध्यम. जूनमध्ये ६० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत मिळून पडला तर शेतकरी खूश होतो. मार्चमध्ये तोच दीड तासात कोसळला तर उघड्यावरचा हरभरा वाहून जातो.

‘शक्यता’ या शब्दालाही इंग्रजी पत्रकात चार पायऱ्या आहेत: २५ टक्क्यांखाली, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ च्या वर. मराठी बातमीत या चारही पायऱ्या एकाच ‘शक्यता आहे’ मध्ये विरघळून जातात, त्यामुळे नेमकेपणा हवा असेल तर मूळ तक्त्यातला टक्केवारीचा रकाना पाहावा.

आणि वारा. वसंतातल्या अंदाजातला हा सर्वांत दुर्लक्षित आकडा असला, तरी माझ्या मते पावसाच्या आकड्याआधी तोच वाचायला हवा. ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वाऱ्यात कैऱ्या गळतात आणि सैल ताडपत्री उडते. ४० ते ५० मध्ये केळीची झाडे मोडू लागतात, जुने पत्रे सुटतात. ५० ते ६० च्या पुढे झाडे उन्मळतात, विजेच्या तारा तुटतात. शहरातही हीच गोष्ट. मे २०२४ मध्ये मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात महाकाय जाहिरात फलक कोसळून माणसे गेली, त्या दिवशी घात वाऱ्याने केला होता.

पाचवी पायरी: रंग

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, अंदाज पुन्हा पुन्हा पाहा. नारिंगी, म्हणजे बातम्यांतला ऑरेंज अलर्ट, म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग हवा किती वाईट असेल एवढ्यावरच ठरत नाहीत. तिचा परिणाम काय होईल आणि ते घडण्याची शक्यता किती, या दोन्हींचा मेळ त्यात घातलेला असतो. त्यामुळे पिवळ्या रंगाच्या जिल्ह्यातही एखाद्या गावात गारपीट होऊ शकते. रंगाखाली चिन्हे असतात. ती वीज, गारा, वारा की उष्णता यांपैकी कशाची आहेत ते पाहावे, कारण एकाच नकाशावर चंद्रपूरचा पिवळा उष्णतेचा असतो आणि नांदेडचा पिवळा विजांचा.

सहावी पायरी: तापमानाचे दोन निरनिराळे आकडे

पत्रकात तापमानाविषयी दोन प्रकारची विधाने असतात. ‘पुढील तीन दिवसांत कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी वाढ’ हे आजच्या तुलनेत असते, तर ‘सरासरीपेक्षा ४ अंशांनी अधिक’ हे त्या ठिकाणच्या, त्या तारखेच्या दीर्घकालीन सरासरीच्या तुलनेत. दोन्ही एकाच परिच्छेदात येतात आणि वाचणारा त्यांची बेरीज करून बसतो.

उष्णतेच्या लाटेचे निकषही ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० असल्याखेरीज लाटेचा विचारच होत नाही. त्यानंतर सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल तर लाट, त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, ४५ अंशांना लाट आणि ४७ ला तीव्र लाट. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी ती जाहीर होते. म्हणजे जाहीर होईपर्यंत एक दिवस अंगावर गेलेला असतो. ज्यांना उन्हात काम आहे त्यांनी जाहीर होण्याची वाट पाहू नये.

कोकणाचे गणित थोडे वेगळे. मार्चमध्ये मुंबई, रत्नागिरीचा पारा चढतो तो बहुधा समुद्रवारा उशिरा सुटल्यामुळे. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे, तापलेले वारे जोरात असले की सकाळी अकराच्या सुमारास यायचा समुद्रवारा दुपार उलटेपर्यंत अडून राहतो आणि तेवढ्या तासा-दोन तासांत तापमान चार-पाच अंशांनी वर जाते. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी नोंदलेले ४१.७ अंश हे मार्चमधल्या टोकाचे उदाहरण. त्यामुळे कोकणातल्या वाचकाने तापमानाच्या आकड्याबरोबर वाऱ्याची दिशा पाहावी. पत्रकात ‘पूर्वेकडून वारे’ दिसले, तर हापूसच्या बागेला पाणी देणे आणि फळांना कागदी पिशव्या घालणे आदल्या दिवशीच उरकावे, कारण अशा एका दुपारीही फळ भाजते आणि लहान कैरी गळते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत

आदल्या संध्याकाळपर्यंत अंदाजाचे काम संपते आणि त्या दिवशी निरीक्षणाचे सुरू होते. वादळी ढगाचा एकेक पुंजका पाच ते पंधरा किलोमीटर रुंदीचा असतो आणि तासाभरात विरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही संगणकी अंदाजप्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीत गणित करते; आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. ही सुधारणा मोठी असली, तरी कोणत्या शिवारावर ढग फुटेल हे कोणतेही प्रारूप दोन दिवस आधी सांगू शकत नाही.

सकाळी आठच्या सुमारास आकाश पाहावे. पहाटेच ढगांचे छत असेल तर जमीन कमी तापते आणि दुपारची वादळे अनेकदा मवाळ राहतात. उलट, सकाळ स्वच्छ, हवा चिकट आणि अकरा वाजता आग्नेयेकडून वारा, ही लक्षणे दुपारसाठी चांगली नाहीत. एक-दीडच्या सुमारास फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढू लागले आणि त्यांच्या कडा धारदार दिसू लागल्या, की पुढचे दोन-तीन तास महत्त्वाचे. अशा ढगाचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला म्हणजे वादळ पूर्ण वाढलेले आहे.

दुपारी उपग्रहचित्र आणि रडारचित्र पाहावे. इन्सॅट-३डी मालिकेतल्या उपग्रहांची चित्रे थोड्या थोड्या वेळाने येत राहतात आणि ढगांची दिशा त्यावर सहज कळते. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबई, नागपूर, गोवा इत्यादी ठिकाणच्या डॉप्लर रडारची चित्रे मिळतात. ती वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. चित्रावरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. दुपारी तीनचे चित्र उघडून त्यावर ०९:३० दिसले, तर चित्र जुने नाही, ते आत्ताचेच आहे. दुसरे असे, की रडारचा झोत पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूर जाताना उंच जातो. दोनशे किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर वर असतो. त्यामुळे रडारपासून लांबच्या जिल्ह्यांत ढगाचा खालचा भाग दिसत नाही, आणि चित्रावर रंग फिका आहे म्हणून पाऊस नाही असे म्हणता येत नाही. जवळच्या पल्ल्यात गडद लाल-जांभळा गाभा लागोपाठच्या तीन-चार चित्रांत आपल्या दिशेने सरकत असेल, तर त्या अंतरावरून आणि वेळेवरून वेग काढावा. अशा गाभ्यात गारा असू शकतात.

याच वेळी तात्कालिक इशारा पाहावा. तो जिल्हावार असतो, पुढच्या सुमारे तीन तासांसाठी असतो आणि वसंतात राष्ट्रीय पत्रकापेक्षा तोच अधिक नेमका ठरतो. ‘मौसम’ या ॲपवर तो मिळतो. ‘दामिनी’ हे विजांचे ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देते. शेतात राबणाऱ्यांच्या, मेंढपाळांच्या मोबाइलमध्ये ते असायलाच हवे. मोबाइलला रेंज नसेल, तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागावे. वीज साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या छताखाली जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली थांबणे ही अशा वेळची सर्वांत वाईट निवड.

आठवी पायरी: आपल्या कामाला कोणता आकडा लागू

समजा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातला सोमवार आहे. पत्रक सांगते की बुधवार रात्रीपासून नवा पश्चिमी झंझावात येणार आहे, कमी दाबाचा पट्टा मराठवाड्यावरून अंतर्गत कर्नाटकाकडे गेला आहे आणि मध्य महाराष्ट्रात बुधवार-गुरुवारी तुरळक ठिकाणी वादळी पाऊस व गारपिटीची शक्यता आहे. या एकाच अंदाजावरून तीन माणसांनी तीन निरनिराळे निर्णय घेणे योग्य ठरते.

तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षे रॅकवर टाकलेली असतील, तर ती वाळायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. मधेच उचलता येत नाहीत. वरचे छत पावसाला पुरते, पण बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या असतात. बेदाणा करणाऱ्याला पावसाच्या मिलिमीटरपेक्षा वाऱ्याचा वेग आणि दिशा महत्त्वाची. मंगळवारीच ज्या बाजूने वादळ येते त्या बाजूचे पडदे घट्ट बांधणे, खालच्या थराजवळ चर काढणे आणि नवी द्राक्षे दोन दिवस रॅकवर न टाकणे एवढे केले तरी बरेच वाचते. ओल धरलेला बेदाणा काळपट पडतो आणि त्याचा भाव तिथेच मोडतो.

नाशिकच्या कांदा उत्पादकाने कांदा काढून पातीसकट वावरात सुकत टाकला असेल, तर त्याच्या हाती मंगळवार पूर्ण आहे. जेवढा सुकला तेवढा गोळा करून उंचवट्यावर ढीग घालावा आणि ताडपत्रीच्या कडांवर माती टाकावी. काढायचा राहिलेला कांदा मात्र गुरुवार उलटेपर्यंत जमिनीतच राहू द्यावा. पाऊस आलाच नाही, तर दोन दिवसांची मजुरी पुढे ढकलली गेली एवढाच तोटा. आला तर वाचलेला माल त्याच्या कित्येक पट. अंदाजाची शक्यता ३० टक्के असली तरी हा सौदा परवडतो.

तिसरा माणूस फवारणीच्या तयारीत आहे. त्याने थांबावे. पाऊस पडला तर औषध धुऊन जाईल, आणि गारा पडल्या तर जखमा झालेल्या झाडांवर नंतर वेगळीच फवारणी करावी लागेल. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या क्षेत्रांनुसार त्यात पिकांचा उल्लेख असतो. मंगळवारचा सल्ला आणि दुपारचे राष्ट्रीय पत्रक एकत्र वाचणे ही वसंतातली चांगली सवय.

सुट्टीसाठी उत्तरेकडे निघालेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. मार्च अखेरीस श्रीनगरची ट्यूलिप बाग पाहायला महाराष्ट्रातून पुष्कळ कुटुंबे जातात. त्यांनी झंझावाताच्या तारखा पाहाव्यात, विशेषतः जम्मू-श्रीनगर महामार्गाने जाणार असतील तर. रामबन-बनिहाल पट्ट्यात पावसात दरडी कोसळतात. २० एप्रिल २०२५ रोजी रामबनमध्ये अचानक आलेल्या पुराने आणि दरडींनी हा महामार्ग बंद पडला होता. पत्रकात जम्मू-काश्मीरसाठी नारिंगी रंग दिसला तर त्या दिवशी रस्त्याने प्रवास ठेवू नये, आणि लागोपाठ दोन झंझावात असतील तर त्यांच्यामधला कोरडा दिवस प्रवासाला घ्यावा.

वादळ गेल्यानंतर

झंझावात पूर्वेकडे सरकल्यावर वायव्य वारे पुन्हा जोर धरतात आणि एक-दोन रात्री किमान तापमान दोन-चार अंशांनी उतरते. पुढच्या पत्रकात ‘नवा पश्चिमी झंझावात’ हे शब्द किती दिवसांनी आहेत ते लगेच पाहावे. मार्चमध्ये दोहोंमधले अंतर कधी कधी तीन-चार दिवसांचेच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठनंतर आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा पावसाचा आकडा तपासावा आणि तो अंदाजाशेजारी लिहून ठेवावा. एका हंगामात अशी वही भरली, की आपल्या गावाबाबत ‘तुरळक’चा अर्थ किती वेळा पाऊस असा झाला, ते उघड होते. गारांची नोंद मात्र पर्जन्यमापक घेत नाही. त्याला फक्त वितळलेले पाणी कळते. म्हणून गारा पडल्या असतील, तर त्या वितळण्याआधी शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून, तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रे काढावीत, बागेच्या चारही कोपऱ्यांतून पिकाची वेगळी छायाचित्रे घ्यावीत आणि पंचनाम्यासाठी तलाठी व कृषी सहायकांना त्याच दिवशी लेखी कळवावे.